कुत्रं गेलं का आलं?

मामा, तुमची खुर्ची होती तिथंच ठेवलीय असं लिहिलं असतं, तर तुम्ही चष्म्यावरून बघत "लई गुळमट, नामंजूर" म्हणाला असतात. म्हणून खरं तेच सांगते. तेरावा झाला, पाव्हणे गेले, सोमवारी मी दुकान उघडलं आणि पहिल्या तासातच खुर्ची हलवली. दारातनं ऊन थेट मशिनीवर यायला लागलं होतं, सुई दिसेना. इतकी वर्षं ते ऊन तुमच्या पाठीवर पडत होतं, हे मला कधी कळलंच नव्हतं. आता खुर्ची आत घेतलीय, तिच्यावर साडी द्यायला आलेल्या बाया बसतात, आणि दाराला मी जुन्या साडीचा पडदा लावलाय.

तुमची शिकवण अशी की अर्जात आधी अर्जदार कोण ते लिहावं, मग रडगाणं गावं. तर अर्जदार मंगल, धंदा पिको-फॉल, राहणार लोहारा, बस स्टँडच्या मागची गल्ली. नातं सून. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात म्हणून मामा. विषय, आपण दोघांनी मिळून वाचलेली पुस्तकं आणि त्यातल्या एका पुस्तकावरून पडलेलं भांडण, जे तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

भूमच्या तहसीलीत अव्वल कारकून म्हणून तुम्ही निवृत्त झालात, गावी आलात, आणि मी दुकान टाकल्यावर दारात खुर्ची मांडून बसलात. "गिऱ्हाइकावर ध्यान ठेवतो गं," म्हणालात. कसलं ध्यान न् कसलं काय! एकदा एक बाई तुमच्या नाकासमोरनं दुसरीचीच पैठणी घेऊन गेली. मी कपाळाला हात लावला, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "असंल. म्या तवा दोनशे दहाव्या पानावर व्हतो." ती पैठणी परत मिळवायला मला अर्धं लोहारा पालथं घालावं लागलं. तुम्ही त्या दिवशी पुस्तक संपवलंत.

वाचनाची खोड मला तुमच्याकडनंच लागली. आधी मी नुसती विचारायची, मामा काय वाचताय. तुम्ही सांगायचात, पण अर्ध्यावर थांबायचात. "पुढचं तू वाच." झालं, मी अडकले. मग एकच पुस्तक दोघांत चालायला लागलं. तुमची खूण म्हणजे जुन्या सरकारी पाकिटाचा तुकडा, माझी खूण म्हणजे फॉलची कापलेली पट्टी. पट्टी साडीच्या रंगाप्रमाणं बदलायची. तुम्ही कायम माझ्या पुढं, कारण मला मशीन चालवायची असायची. एकदाच मी तुमच्या पुढं गेले, त्या थंड हवेच्या ठिकाणच्या खुनाच्या कादंबरीत, आणि भाजी वाढता वाढता माझ्या तोंडून गेलं, "बिचाऱ्या माळ्यावर कुणाचा संशयच जात न्हाय." तुम्ही ताटावरनं उठलात. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तुमच्या लेकाला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

पुस्तक वाचून झालं की तुम्ही फैसला लिहायचात. शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं, चार-सहा ओळी. पण लिहायचात उर्दूत. निजामाच्या राज्यात तिसरीपर्यंत तुमची शाळा उर्दूतच झालेली, आणि पुढं नोकरीत जुने निजामी कागद वाचायचं काम सगळं तुमच्याकडंच यायचं. निवृत्तीनंतरसुद्धा लोक लांबून कागद घेऊन दुकानात यायचे आणि तुम्ही कादंबरीवर कागद ठेवून त्यांना त्यांच्या पणज्याचं नाव वाचून दाखवायचात. मी विचारलं, "मामा, मराठी पुस्तकावर मराठीत लिहा की." तुम्ही म्हणालात, "मराठीत लिवलं तर तू आधी माझा फैसला वाचशील, मंग पुस्तक. मोहरबंद असलेला बरा." माझं वाचून झालं की मग तुम्ही चष्मा पुसून, घसा साफ करून, हुकूम वाचावा तसा तो मोठ्यानं मराठीतनं वाचून दाखवायचात. मी मशीन थांबवायची. आलेली बाई, तिला काही कळो ना कळो, पण पदर सावरून ऐकायची.

हुकमात शेवटी "सबब" असतं. सबब म्हणजे म्हणून, एवढाच अर्थ, पण त्याच्यापुढं माणसाचं भलं नाहीतर वाटोळं लिहिलेलं असतं, असं तुम्हीच सांगितलेलं. तुमचे सगळे फैसले सबबवर यायचे.

ती धरणाची जाडजूड कादंबरी आठवते? पाण्यात गाव जातं, सगळ्यांनी तिचं कौतुक केलेलं. मला त्यातली थोरली सून आवडली होती, ती चुलीचा दगड बरोबर घेऊन निघते ते वाचताना माझ्या हातनं अख्खा पदर तिरका शिवला गेला. आणि तुमचा फैसला काय? "एकशे ऐंशी पानांपर्यंत कुणीही जेवलेलं नाही. उपाशी माणसं इतकं बोलत नसतात. सबब नामंजूर." मी चिडले. म्हणाले, मामा, तुम्ही कादंबरी वाचता का खानावळीची तपासणी करता? पण मग मी परत पानं चाळून बघितली. खरंच कुणी जेवलं नव्हतं हो. एक म्हातारा फक्त चहा पितो, तोही गार झालेला.

आणि ती दोन भावांची? थोरला भाऊ धाकट्याला न सांगता एका दिवसात जमीन आपल्या नावावर करून घेतो, तिथून सगळी गोष्ट सुरू होते. तुम्ही बावन्नाव्या पानावर जे थांबलात ते थांबलातच. "फेरफार असा व्हतच न्हाय. नोटीस लागती. हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतेत."

"मामा, गोष्ट हाय ती!"

"गोष्ट असली म्हून काय झालं? गोष्टीतल्या तलाठ्याला कायदा न्हाय का?"

तुम्ही लेखकाला कार्ड टाकलंत. कलमासकट. उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हरकत घेतली नाय, म्हंजी कबूल हाय त्यास्नी." माझं मत आजही तेच आहे की ती कादंबरी चांगली होती. तुमच्या भाषेत नाही सांगता येत, माझ्या सांगते. पदर देखणा, काठ भरलेला, निऱ्यांच्या जागी जरा कच्ची शिलाई. अशी साडी आपण परत करत नाही, दोन टाके घालून नेसतो.

चित्रांच्या कादंबऱ्या आपल्या घरात आणल्या त्या प्राजूनं. पुण्याला नोकरीला गेल्यापासून पोरगी सुट्टीला येताना पुस्तकं आणते. हैदराबादकडच्या गाडीनं जळकोटला हायवेवर उतरायचं, तिथनं जीपनं लोहारा. तुम्ही नातीला स्टँडवर घ्यायला जायचात आणि ती कशी आहे ते विचारायच्या आधी म्हणायचात, "बॅग जड हाय का?" जड म्हणजे पुस्तकं आहेत. पहिल्यांदा तिनं चित्रांची कादंबरी हातात दिली, तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलंत. "हे बारक्या पोरांचं हाय. मोठ्या माणसानं चित्रं बघत बसायचं का?"

ती एका मुलीनंच काढलेली होती. शहरातल्या होस्टेलवर राहणारी एक पोरगी, रोजची तिची खोली, खिडकी, डबा, एवढंच. सगळं राखाडी. मी अर्ध्या तासात संपवली. म्हटलं, हे काय, चहा व्हायच्या आत पुस्तक संपलं! तुम्ही आठ दिवस लावलेत. भिंग घेऊन. जुन्या कागदावरचा शिक्का बघावा तसा एकेक चौकोन बघत होतात. दुसऱ्या दिवशी ओरडलात, "मंगल! ह्या पोरीच्या भिंतीवरल्या कॅलेंडरात फेब्रुवारीला तीस दिवस हायेत!" मला वाटलं, झालं, नामंजूर.

पण त्यात एक पान होतं. पोरीला फोन येतो, बाप गेल्याचा. आणि पुढचे चार चौकोन कोरे. काही काढलेलंच नाही. मी ते पान असंच उलटलेलं, मला वाटलं छपाई राहिली. तुम्ही त्या पानावर एक अख्खी दुपार बसलात. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुजी सासू गेली तवा मला असेच चार चौकोन दिसले व्हते गं. म्या कुणाला सांगितलं न्हाय. सांगायचं काय, मोकळं हाय म्हून?" मी मशीन बंद केली. त्या पुस्तकाचा फैसला मला पाठ आहे. "कॅलेंडर चुकीचं. पान एकोणचाळीस बरोबर. सबब मंजूर."

त्यानंतर तुम्ही चित्रांच्या पुस्तकांची अशी बाजू घ्यायला लागलात की विचारू नका. तुमच्या लेकानं एकदा "हे काय पोरासोरांचं" म्हटलं, तर त्याला तुम्ही पान एकोणचाळीस समोर धरून उभं केलंत.

आणि मग गेल्या दिवाळीत ते जपानी आलं.

त्याच्यावर येताना मला आधी हसूच येतं. प्राजूनं बॅगेतनं काढलं, माझ्या हातात दिलं आणि ती मैत्रिणीकडं गेली. कुणीतरी हौशी पोरांनी मराठीत आणलेलं जपानी पुस्तक. मी बघितलं, तर पुस्तकाचं नाव मागच्या बाजूला आणि तो काळ्या रेघांचा चौकोन पुढं. म्हटलं, हल्लीच्या लोकांचं काही सांगता येत नाही. पहिल्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी सूचना होती, ती मी जाहिरात समजून सोडली. आणि वाचायला सुरुवात केली.

काय पुस्तक होतं मामा! बोलणं अगदी थोडं, सगळं चित्रांत. एक म्हातारी लहानशा स्टेशनच्या फलाटावर एकटीच बसलेली असते. मग तिच्याकडं एक कुत्रं येतं. ती आपलं शेवयांच्या रश्शाचं दुकान उघडते. नवरा आजारी असतो, अंथरुणाला खिळलेला, तो हळूहळू बरा होतो, भांडी घासायला लागतो. पोरगा स्टेशनवर पेटी घेऊन दिसतो, म्हणजे परत आला. मग तो पानागणिक लहान होत जातो. मला ते फार आवडलं. मी म्हटलं, आईला पोरगं असंच दिसतं, दिवसेंदिवस लहान. आणि शेवटी ती नवी नवरी, नवऱ्याबरोबर गाडीतनं उतरून हसतेय. कुठं कुठं उत्तर आधी यायचं आणि प्रश्न नंतर, पण ते मी जपानी लोकांची चाल असेल म्हणून चालवून घेतलं. पुस्तक मिटलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं की त्या दिवशी मी चार ब्लाउजांच्या बाह्या एका बैठकीत जोडल्या.

मग तुम्ही घेतलंत. तीन दिवसांनी चष्मा काढून डोळे पुसत म्हणालात, "लई दुःखाचं पुस्तक हाय गं."

"दुःखाचं? मामा, इतकं आनंदाचं पुस्तक म्या आजवर वाचलं न्हाय."

"नवरा मरतो तिचा."

"मरतो कुठं? उठून भांडी घासतो की!"

"पोरगा घर सोडून जातो."

"परत येतो! पेटी घेऊन येतो!"

"मंगल, कुत्रं मरतं."

"कुत्रं येतं, मामा!"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं तहसीलीत खोट्या साक्षीदाराकडं बघत असाल. मला वाटलं, वय झालं, विसरले. तुम्हाला वाटलं, सूनबाईनं वाचलंच नाही, चित्रं चाळली. चार दिवस हे चाललं. वाढताना कुत्रं, चहा देताना कुत्रं. साड्या घेऊन आलेल्या बायांना वाटलं, आपल्या घरचं कुत्रं हरवलंय. एक तर म्हणाली, तहसीलीपाशी एक तांबडं दिसलं होतं.

शेवटी प्राजूला फोन लावला, आवाज मोठा करून. तिला आधी कळेचना, आणि मग जी हसत सुटली! "आई, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात! तू अख्खं पुस्तक उलटं वाचलंस!"

तुम्ही कसं बरोबर वाचलंत? काही नाही, पुस्तक हातात आलं आणि तुमच्या हातानं ते तिसरीच्या उर्दू पुस्तकासारखं उजवीकडनंच उघडलं. तुम्हाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. खुर्चीतनं तुम्ही मला अशी मान डोलावून दाखवलीत, निजामानं स्वतः येऊन तुमची बाजू मांडल्यासारखी.

"आता सुलट वाच," तुम्ही म्हणालात.

"म्या न्हाय वाचणार."

"वाच. मंग फैसला वाचून दावतो. तोवर मोहरबंद."

तिथं आपलं बिनसलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा भरात आला. मी कप पुढं केला की तुम्ही विचारायचात, "वाचलं का सुलट?" एकदा मी खोटंच म्हणाले, वाचलं. तुम्ही विचारलंत, "शेवटी म्हातारी काय करती?" मी म्हणाले, फलाटावर बसते. ते तर माझं पहिलंच पान होतं. "बरं. मंग रडलीस का?" मी म्हणाले, न्हाय.

"मंग वाचलं न्हाईस," म्हणालात, आणि बशीत चहा ओतलात.

आता तुम्ही नाही तर सांगते. तो नुसता हट्ट नव्हता, मामा. तुमच्या बाजूनं वाचलं की त्यात सगळे जातात. पोरगा जातो, नवरा जातो, कुत्रं जातं, शेवटी म्हातारी एकटी. माझी पोरगी पुण्याला गेली होती. तुमचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं, जिना चढताना तुम्ही मध्ये थांबायला लागला होतात आणि थांबून भिंतीवरचा फोटो बघण्याचं नाटक करत होतात. मला ते सगळं दिसत होतं. मला सुलट वाचायचं नव्हतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, पण मी नुसती "न्हाय वाचणार जा" म्हणून मशीन दामटत राहिले.

पुढचं इथं लिहीत नाही. ते दिवस सगळ्यांनी बघितलेत. मी त्यात रडलेसुद्धा नाही, पाव्हण्यांचं करण्यात गेलं सगळं.

तेराव्यानंतर मी फळीवरची आपली पुस्तकं खाली काढली. एकेकाचं शेवटचं पान उघडून बघितलं. सगळीकडं तुमची पेन्सिल. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी कुठं काय लिहिलंय ते पुस्तक बघूनच आठवत होतं. तुम्ही कितीदा म्हणाला होतात, "शीक गं, पंधरा दिवसांचं काम हाय." मी म्हणायची, लग्नसराई संपू द्या. सगळ्यात शेवटी जपानी घेतलं. शेवटचं पान उघडलं. कोरं.

मला वाटलं, रागानं तुम्ही फैसला लिहिलाच नाही. सुनेनं सुलट वाचलं नाही म्हणून प्रकरण तसंच पडू दिलंत. तेव्हा मला रडू फुटलं. सगळ्या पुस्तकांवर तुम्ही आहात आणि नेमकं ज्याच्यावर आपण सहा महिने भांडलो त्याच्यावर नाही, ह्याचं मला इतकं लागलं की तुमचा लेक धावत आला. त्याला काय सांगू? म्हटलं, कुत्र्याची आठवण आली.

दुकान उघडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी नसरीन टीचर आल्या, उर्दू शाळेतल्या. त्यांच्या दोन ओढण्या पिकोला पडल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि खुर्ची ओळखून जरा सावरून बसल्या. "रावसाहेब माझ्याशी उर्दूतनंच बोलायचे, वहिनी. माझी चूक काढायचे," म्हणाल्या तुमच्याबद्दल. माझ्या डोक्यात एकदम आलं. मी धरणाची कादंबरी काढून त्यांच्यापुढं शेवटचं पान धरलं. म्हटलं, वाचता का.

त्यांनी चष्मा लावला. कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, अक्षरं उर्दू हायेत. पण हे उर्दू न्हाय. ह्याचा अर्थच लागत न्हाय."

"बघा की नीट."

"ऊ... पाशी. मा... मानसं? इथं नूनवर, म्हंजी न वर, त्यांनी कसलीतरी खूण केलीय. माणसं. इत... कं..."

"इतकं बोलत नसतात!" मी ओरडले.

नसरीन टीचरनं चष्मा काढला. "अगं बया! हे तर मराठी हाय!"

मामा! इतकी वर्षं तुम्ही उर्दूत लिहिता असं सांगत होतात, आणि लिहीत होतात आपली मराठीच, फक्त अक्षरं त्यांची! ण आणि ळ यांच्यासाठी तर स्वतःच्या खुणा केल्यात. म्हणजे वाचता येणाऱ्याला कळू नये आणि कळणाऱ्याला वाचता येऊ नये, अशी दुहेरी मोहर. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. मग त्या अक्षर लावायच्या आणि मी शब्द ओळखायची, असं आम्ही सात-आठ पुस्तकं वाचली. दोन भावांच्या कादंबरीत "नोटीस" शब्दावर आल्यावर नसरीन टीचर हुबेहूब तुमच्यासारख्या खाकरल्या, त्यांना स्वतःला कळलंसुद्धा नाही.

मग त्यांनी जपानी उचललं. मी म्हटलं, "त्याच्यात न्हाय काही. त्याचा फैसला राहिला."

पण त्यांच्या हातानं ते उजवीकडनं उघडलं. तुमच्यासारखंच. चित्रं बघत बघत त्या डावीकडं गेल्या, एकदा "आई गं, कुत्रं," असं हळू म्हणाल्या, आणि शेवटाला पोचल्यावर मला हाक मारली. "न्हाय कसं? हे काय, लिहिलंय की, शेवटच्या पानावर."

माझं ते पहिलं पान, मामा. ती सूचना होती ना, तिच्या मागं. मी फैसलासुद्धा उलट्या टोकाला शोधत होते.

नसरीन टीचरनं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मी फॉलच्या कागदावर उतरवून घेतलं. जसंच्या तसं देते.

"पुस्तक वाचलं. चित्रं उत्तम. रश्शाचा वास येतो. माझ्या वाचनात सगळे जातात. सुनेनं उलट बाजूनं वाचलं. तिच्या वाचनात कुत्रं येतं, नवरा बरा होतो, पोरगा घरी येतो. दोन्ही बाजू ऐकल्या. मी बरोबर आहे, पण मला तिचं पुस्तक आवडलं. सबब, सुनेचं वाचन मंजूर. तिला कळवू नये, डोक्यावर बसेल."

कळलं हो मामा. आणि बसले बघा डोक्यावर. सहा महिने मला झुलवलंत, वाचलं का सुलट, वाचलं का सुलट, आणि पेन्सिलीनं मंजूर करून मोकळे! मी हसत होते आणि नाक पुसत होते, आणि नसरीन टीचरसुद्धा ओढणीनं डोळे टिपत होत्या, पिको केलेल्या नव्या ओढणीनं. त्या म्हणाल्या, रोज जरा वेळ येते, अलिफपासून शिकवते, पंधरा दिवसांचं काम आहे. मी हो म्हणाले. अजून दोन-तीन पुस्तकं आहेत, ज्यांचे फैसले तुम्ही मला वाचून दाखवले नव्हते. ते मी माझे मी वाचणार.

जाताना त्यांनी विचारलं, "मग आता सुलट वाचणार का, वहिनी?"

"का म्हून? फैसला झालाय."

खरंच नाही वाचलं. वाचणारही नाही. तुम्ही बरोबर होतात, हे माहीत आहे मला, ते सगळ्यांना माहीत असतं. काम नसलं की मी ते पुस्तक घेते आणि आपलं डावीकडनंच उघडते. आधी तुमचं अक्षर लागतं. मग फलाटावर म्हातारी, एकटी बसलेली. मी पान उलटते, आणि कुत्रं येतं.